तव्यापाशी कोण, गल्ल्यापाशी कोण?

लॉस एंजेलिसच्या वेस्टलेक आणि पिको-युनियन या वस्त्यांमधून चालायला लागलं, की थोड्या थोड्या अंतरावर एकच पाटी पुन्हा पुन्हा दिसते : ‘कोमिदा साल्वादोरेन्या ई मेहिकाना’. म्हणजे साल्वादोरी आणि मेक्सिकन जेवण. आत आठ-दहा टेबलं असतात. भिंतीवर एल साल्वादोरचा निळा-पांढरा झेंडा आणि त्याच्या शेजारी मेक्सिकोची ग्वादालुपेची माता. आतल्या बाजूनं ओलं पीठ तळहातांवर थापल्याचा आवाज येत असतो. खाण्यापिण्यावर लिहिणारी मंडळी अशा हॉटेलांचं कौतुक करताना दोन शब्द हमखास वापरतात. एक ‘फ्यूजन’ आणि दुसरा ‘कुटुंबानं चालवलेलं’. दोन्ही शब्द ऐकायला गोड आहेत. पण ते थापण्याचा आवाज करणाऱ्या बाईला झाकून टाकतात, असं माझं म्हणणं आहे.

२०२३ साली मी चार महिने त्या शहरात होते. मध्य अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेची कामाची पद्धत पाहायला गेले होते. दुभाषाचं काम संस्थेतलीच एक तरुण मुलगी करायची. दुपारचं जेवण आम्ही अशा हॉटेलांत घ्यायचो आणि गर्दी ओसरल्यावर आतल्या बाया हात पुसत येऊन बसायच्या. पुढे लिहिलेलं कुठल्या एका हॉटेलाचं नाही. चार-पाच ठिकाणच्या बोलण्यातून आलेलं आहे.

आधी जेवणाचंच सांगते, कारण मुद्दा तिथूनच सुरू होतो. एल साल्वादोरचा मुख्य पदार्थ पुपुसा. मक्याच्या ओल्या पिठाचा गोळा घ्यायचा, त्यात खळगा करून चीज, वाटलेला राजमा किंवा डुकराच्या मांसाचं वाटण भरायचं, तोंड बंद करायचं आणि दोन्ही तळव्यांवर थापत थापत जाड चकती करून तव्यावर टाकायची. आपल्याला समजेल असं सांगायचं तर सारण पुरणपोळीसारखं भरायचं आणि थापायचं भाकरीसारखं. सगळं सारण एकत्र केलं की ती ‘रेवुएल्ता’. लोरोको नावाच्या वेलीच्या कळ्या घातलेली पुपुसा तिथल्या लोकांच्या विशेष जिव्हाळ्याची. सोबत कोबी-गाजराचं आंबवलेलं लोणचं, त्याला ‘कुर्तिदो’ म्हणतात, आणि टोमॅटोची पातळ चटणी. काटे-चमचे नाहीत, हातानं खायचं. २००५ मध्ये तिथल्या विधिमंडळानं पुपुसाला राष्ट्रीय पदार्थ ठरवलं आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार तिच्या नावानं लावला.

पीठही असंतसं नव्हे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी चोळून सालं काढायची आणि मग दळायचा. मध्य अमेरिकेतल्या बायकांनी हजारो वर्षांपूर्वी ही रीत बसवली. चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व शरीराला मिळू शकतं. युरोपनं मका उचलला पण ही रीत उचलली नाही, आणि मक्यावर जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. हे शास्त्र कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. ते मुलींनी आयांच्या हाताकडे पाहून शिकायचं. आता बहुतेक हॉटेलांत ‘मासेका’चं तयार पीठ येतं, ते मळायला सोपं जातं. थापण्याचं काम मात्र अजून हातांवरच आहे. एका बाईनं मला सांगितलं, रविवारी चर्च सुटल्यावर संध्याकाळपर्यंत सहाशे तरी थापल्या जातात. तिची मनगटं सुजलेली होती.

आता या जेवणाची मेक्सिकन जेवणाशी सांगड कशी पडली? वाचणाऱ्याला वाटेल, दोन जवळचे देश, दोघांचा मका, दोघांची भाषा स्पॅनिश, सहज जमलं असणार. तसं नाही. शब्द तेच आणि पदार्थ वेगळे, असा सगळा मामला आहे. मेक्सिकोत केसादिया म्हणजे तोर्तियाची घडी घालून आत चीज. एल साल्वादोरमध्ये केसादिया म्हणजे चीज घातलेला गोड केक, कॉफीबरोबर खायचा. मेक्सिकन एन्चिलादा तिखट रश्शात बुडालेली गुंडाळी असते, साल्वादोरी एन्चिलादा तळलेल्या कडक चकतीवर सारण पसरून मिळते. ओर्चाता नावाचं पेय एकाकडे तांदळाचं, दुसऱ्याकडे मोर्रो नावाच्या फळाच्या बियांचं. तमाल एकाकडे बहुतकरून मक्याच्या सालीत, दुसऱ्याकडे केळीच्या पानात. चिचार्रोन म्हटलं की मेक्सिकन माणसाच्या डोळ्यांपुढे तळलेली कुरकुरीत कातडी येते आणि पुपुसेत ते वाटलेलं मांस असतं. तिखट तर साल्वादोरी जेवणात फारसं नाहीच. म्हणजे पाटीवरच्या त्या ‘ई’साठी, त्या ‘आणि’साठी, कुणाला तरी दुसऱ्या देशाचा अख्खा स्वयंपाक नव्यानं शिकावा लागलेला आहे.

तो का शिकावा लागला, हे सांगायचं तर युद्धापर्यंत मागे जावं लागतं. एल साल्वादोरमध्ये १९८० ते १९९२ यादवी चालली. जमीन मूठभर घराण्यांकडे, लष्कर त्यांच्या बाजूनं आणि अमेरिकेची लष्करी मदत त्या लष्कराला. मार्च १९८० मध्ये आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना प्रार्थना चालू असताना गोळी घातली गेली. डिसेंबर १९८१ मध्ये एल मोसोते गावात लष्करानं बाया-मुलांसकट शेकडो माणसं मारली. रुफिना आमाया या बाईनं ते वाचून पुढे जगाला सांगितलं. तिचा नवरा आणि लहान मुलं त्यात गेली होती. युद्धात सुमारे पंचाहत्तर हजार माणसं मेली आणि लाखो देश सोडून निघाली. अमेरिकेनं त्यांना निर्वासित मानलं नाही. मानलं असतं, तर आपण मदत करतो ते सरकार छळ करतं असं कबूल करावं लागलं असतं. १९८० च्या दशकात आश्रय मागणाऱ्या साल्वादोरी लोकांपैकी शंभरातल्या तिघांनाही तो मिळाला नाही.

वाट मेक्सिकोतून जाते. मेक्सिकोत पोलिसांनी पकडलं की परत पाठवणी. म्हणून वाटेवरच्या बायका मेक्सिकन बोली शिकल्या. घरात एकमेकांना ‘वोस’ म्हणणाऱ्यांनी ‘तू’ म्हणायचा सराव केला. मेक्सिकन नाणी, झेंड्याचे रंग, राष्ट्रगीत पाठ केलं, कारण चौकीवर तेच विचारत. पन्नाशी उलटलेल्या एका बाईनं मला सांगितलं की तोर्तिया पातळ करायला ती लॉस एंजेलिसमध्ये नाही शिकली, मेक्सिकोत एका घरी तीन महिने लपून राहिली तेव्हा शिकली. साल्वादोरी तोर्तिया जाड असते. जाड तोर्तिया थापली असती तर शेजारणीला कळलं असतं ना.

आणि लॉस एंजेलिसला पोहोचल्यावरही गिऱ्हाईक मुख्यतः मेक्सिकन. २०२१ सालच्या गणतीप्रमाणे अमेरिकेत मेक्सिकन वंशाचे सुमारे पावणेचार कोटी लोक आणि साल्वादोरी वंशाचे सुमारे पंचवीस लाख. पुपुसा विकून भाडं निघत नाही, म्हणून ताको ठेवायचे, बुरितो ठेवायचे. बुरितो भरताना आपल्या पद्धतीचा राजमा घालायचा, ताकोबरोबर कुर्तिदो द्यायचा आणि पुपुसेवर मेक्सिकन तिखट चटणी चालवून घ्यायची. याला कुणी ‘फ्यूजन’ म्हणो. पंचतारांकित हॉटेलातला आचारी दोन देशांचे पदार्थ एकत्र करतो तेव्हा ती त्याची प्रतिभा असते, त्याचा फोटो छापून येतो. या बाईनं केलं ते पोटासाठी आणि लपण्यासाठी केलं. त्यात अक्कल कमी नव्हती, उलट जास्तच होती. फक्त तिच्या अकलेला नाव मिळालं नाही. चवीवर लिहिलेल्या मजकुरात ‘मालकाच्या आजीची पाककृती’ एवढाच तिचा उल्लेख.

आता दुसरा शब्द, ‘कुटुंबानं चालवलेलं’. माझी खरी तक्रार याच्याबद्दल आहे.

मी जी हॉटेलं पाहिली त्यांतली बहुतेक बाईपासून सुरू झालेली होती. ती आधी दुसऱ्यांच्या घरी लादी पुसायची, मुलं सांभाळायची. शनिवार-रविवारी घरी पुपुसा करून, गरम राहाव्यात म्हणून कापडात गुंडाळून, पेटीत भरून फुटपाथवर विकायची. लॉस एंजेलिसमध्ये फुटपाथवर विक्री हा कित्येक वर्षं गुन्हा होता. पोलीस माल उचलून कचऱ्यात टाकत. ती गुन्हेगारी काढून टाकणारा कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०१९ पासून लागू झाला. तोपर्यंत तिनं दंड भरत भरत गिऱ्हाईक बांधलं आणि भिशीसारख्या मंडळातून पैसे उभे केले. मग दुकान भाड्यानं घ्यायची वेळ आली. भाडेकरारावर सही कुणाची? ज्याला इंग्रजी येतं, ज्याच्याकडे कागदपत्रं आहेत, ज्याच्या नावावर बँकेचं खातं आहे त्याची. नवऱ्याची, दिराची, कधी मोठ्या मुलाची. सहीबरोबर गल्लाही तिकडे गेला. बाई आत गेली, तव्यापाशी. बाहेर पाटी लागली, ‘कुटुंबाचं हॉटेल’.

“तुम्हाला पगार किती?” हा प्रश्न मी जिथं जिथं विचारला तिथं तिथं बाया हसल्या. दुभाषी मुलीलाही तो विचारताना अवघड वाटायचं. “पगार कसला? हे आमचंच आहे.” मग मी विचारायची, “नवरा घरखर्चाला देतो ते सोडून तुमच्या हातात किती येतात?” यावर हसू थांबायचं. एकीनं मोजून सांगितलं : सकाळी पाच ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, हातात आठवड्याला साठ डॉलर. ते गावी आईला पाठवते. ताटं घासायला ठेवलेल्या ग्वातेमालाच्या मुलाला मात्र तासाप्रमाणे मिळतात, कारण तो घरचा नाही.

कायदाही याच बाजूनं उभा आहे. अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा १९३८ चा. ज्या धंद्यात नियमित कामाला फक्त मालक आणि त्याचे आईवडील, जोडीदार, मुलं असे जवळचे घरचेच आहेत, तो धंदा या कायद्याच्या कक्षेत धरतच नाहीत. कॅलिफोर्नियाचे वेतनाचे नियम अधिक कडक म्हणून नावाजलेले. पण मालकाचे आईवडील, नवरा-बायको आणि मुलं यांना तेही लागू नाहीत. भाची, भावजय, चुलत बहीण मात्र या यादीत येत नाहीत. त्यांचा पगार कायद्यानं देणं लागतो आणि तरीही तो ‘घरच्याच’ म्हणून बुडवला जातो. म्हणजे कायद्यानं कुटुंब लहान आखलं, आणि रिवाजानं ते सोयीप्रमाणे वाढवलं.

पगार नाही म्हणजे नुसते पैसे नाहीत असं नाही. अमेरिकेत म्हातारपणची पेन्शन सोशल सिक्युरिटीच्या खात्यातून मिळते. ती स्वतःच्या हक्कानं मिळायला कामाचे चाळीस गुण लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार. म्हणजे किमान दहा वर्षं तुमचं नाव पगारपत्रकावर हवं. वीस वर्षं पुपुसा थापलेल्या बाईच्या खात्यावर शून्य गुण असू शकतात. नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्म्यापर्यंत तिला मिळू शकतं, पण लग्न कायदेशीर हवं. आणि घटस्फोट झाला असेल तर लग्न दहा वर्षं टिकलेलं हवं. एल साल्वादोरमध्ये असंख्य जोडपी लग्नाची नोंद न करता संसार करतात. तिथं त्याला ‘आकोम्पान्यादा’ म्हणतात, सोबतीण. कॅलिफोर्निया असं लग्न मानत नाही. नोंदलेलं लग्न असेल तर या राज्यात संसारात कमावलेल्या मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा असतो. सोबतिणीला तो नाही. हॉटेल तिनं उभं केलं, पण कागदावर ती त्या हॉटेलची कुणीच नाही.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो मी हलका मानत नाही. तो बायकांनीच घेतला. त्या म्हणाल्या, दुसऱ्यांच्या घरी लादी पुसताना मालकाचा हात अंगावर येई, मुलं कुलपात ठेवावी लागत. इथं मुलं शाळेतून येऊन कोपऱ्यातल्या टेबलावर अभ्यास करतात, भाषा आपली आहे, जेवण आपलं आहे. तुमच्या पगाराच्या हिशेबात हे कुठं धरता? खरंच आहे. घरचं हॉटेल हा पुष्कळ बायकांसाठी वाईटातून चांगल्याकडे जायचा रस्ता आहे, आणि बाहेरून येऊन त्याला शोषण असं नाव देऊन मोकळं होणं मला पटत नाही. पण सुरक्षिततेची किंमत बिनपगारी काम ही का असावी? हे दोन्ही एकाच पुड्यात बांधून कुणी दिलं? त्याच हॉटेलात नवऱ्यालाही आपली भाषा, आपलं जेवण, मुलं डोळ्यांसमोर, हे सगळं मिळतंच आहे, आणि वर गल्लाही.

दुसरी अडचण जास्त कठीण आहे. कागदावर नाव घाला म्हणणं सोपं. पण ज्या बाईकडे राहण्याचा परवाना नाही तिला कागद म्हणजे धोका. २००१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत एल साल्वादोरला दोन मोठे भूकंप झाले, तेव्हा अमेरिकेत असलेल्या साल्वादोरी लोकांना तात्पुरत्या संरक्षणाचा दर्जा मिळाला. त्यावर कामाचा परवाना मिळतो. दोन लाखांहून अधिक लोक या ‘तात्पुरत्या’वर दोन दशकं जगले. जानेवारी २०१८ मध्ये ते संपवायची घोषणा झाली, प्रकरण कोर्टात अडकलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये ९ सप्टेंबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ जाहीर झाली. जून २०२५ पासून त्याच शहरात धरपकडीचे छापे पडले. ७ जुलैला वेस्टलेकमधल्या मॅकआर्थर पार्कमध्ये घोड्यांवरचे सशस्त्र जवान उतरले. मी ज्या हॉटेलांत बसत होते ती तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. अशा वेळी आतली खोली, जिथं कुणाचं लक्ष जात नाही, तीच निवाऱ्याची जागा होते. म्हणून माझं म्हणणं सरसकट नाही. जिच्याकडे परवाना आहे, नागरिकत्व आहे, तिचं नाव पगारपत्रकावर आणि भाडेकरारावर यायलाच हवं. जिच्याकडे नाही तिच्या हातात रोख पैसे हवेत, ठरलेले, दर आठवड्याला, मागावे न लागता. आणि तिची परवान्याची अडचण नवऱ्याच्या सोयीची ठरत असेल, तर संस्थांनी कुटुंबाशी बोलताना ते गिळून टाकू नये.

मैत्रिणींनो, यात परकं काय आहे? आपल्याकडच्या रोजगाराच्या सरकारी पाहणीत ‘घरच्या धंद्यातली मदतनीस’ असा एक रकाना असतो. काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक त्या रकान्यात आहेत, बिनपगारी. शेतापासून वडापावच्या गाडीपर्यंत त्या ‘मदत’ करतात. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायका तीस-चाळीस गिरणी कामगारांचे डबे रांधत होत्या आणि तरी सावकाराकडे दागिने ठेवत होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा पहिलं काम केलं ते बँकेचं कर्ज बाईच्या स्वतःच्या नावावर मिळवून देण्याचं. जेवण रुचकर आहे की नाही हा प्रश्न तिथं कुणी विचारला नव्हता. सही कुणाची, एवढाच होता.

त्या संस्थेत कुटुंबाची माहिती घ्यायचा एक छापील अर्ज होता. त्यात स्त्रीच्या व्यवसायापुढे कार्यकर्ते बहुतेक वेळा ‘कुटुंबाचं हॉटेल’ असं लिहून पुढच्या ओळीवर जात. मी तिथल्या बैठकीत मांडलं की त्याखाली आणखी तीन प्रश्न घाला : रोज किती तास, पैसे कुणाच्या हातात येतात, आणि भाडेकरारावर नाव कुणाचं. थोडी कुरकुर झाली. घरात भांडणं लावायची का, असं एक जण म्हणाला. भांडण आधीपासूनच आहे, फक्त ते स्वयंपाकघरात अडकलेलं आहे, असं मी म्हटलं, आणि पुढच्या महिन्यात प्रश्न घातले गेले.

त्यानंतर एका हॉटेलात हिशेब पाहणाऱ्या मुलीनं आपणहून पुढाकार घेतला. आईकडे नागरिकत्व होतं, वय बावन्न. मुलीनं हिशेब मांडला की २०२४ साली चार गुणांना वर्षभरात ६,९२० डॉलरची नोंदलेली कमाई पुरते. म्हणजे अगदी थोडा पगार दाखवला तरी बासष्टीपर्यंत आईचे चाळीस गुण होतील. बाप आधी म्हणाला, एवढासा पगार दाखवायचा तर दाखव. आई गप्प होती. मग तिनं विचारलं, एवढासा का म्हणून? बाहेरची बाई ठेवली तर किती द्यावे लागतील? मुलीनं कायद्याचा तासाचा दर सांगितला. आईनं पिठाचे हात धुतले, खुर्ची ओढून बसली आणि रविवारचे सहाशे वेगळे धरा म्हणाली.